एचआयव्ही आणि हृदयविकार

एचआयव्हीबाधितांमध्ये हृद्‌रोहिणी विकार व पक्षाघात इतरांपेक्षा अधिक प्रमाणात, बहुधा कमी वयात, उद्‌भवण्याची प्रवृत्ती [⟶ एड्स, रोहिणीविलेपी विकार]. हा धोका सुमारे दुप्पट मानतात.

भारतात १ एप्रिल २००४ पासून एचआयव्हीवरील विषाणूरोधक उपचारपद्धती (एआरटी) मोफत मिळू लागली. रुग्णांचे आयुष्य वाढले आणि क्षयासारख्या संधिसाधू रोगांच्या जोडीने दीर्घकालीन विकार पुढे आले [⟶ क्षयरोग].

औषधांनी विषाणू दबला, तरी शरीरात सौम्य दाह चालूच राहतो व रोहिण्यांचे अस्तर बिघडते. काही प्रोटीएज-रोधक औषधांनी रक्तातील मेद वाढतो. गोळ्या मध्येच थांबवणे मात्र त्याहून घातक. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्मार्ट’ चाचणीत खंडित उपचार घेणाऱ्यांत हृदयविकारही अधिक आढळले. असा खंड स्थलांतरात सहज पडतो. उदाहरणार्थ, पुणे जिल्ह्यातील शिरूर (रांजणगाव औद्योगिक वसाहत) व दौंड (रेल्वे जंक्शन, कुरकुंभ औद्योगिक वसाहत) या तालुक्यांत कामगार, ट्रकचालक व ऊसतोड मजूर यांची सतत ये-जा असते. हंगामाला निघताना गोळ्यांची बाटली सोबत पुरेशी आहे ना, हा येथे हृदयाचाही प्रश्न ठरतो. तंबाखू, तव्यावर भाजून दातांना लावायची मशेरीसुद्धा, हृदयविकाराच्या धोक्यात भर घालते [⟶ तंबाखू].

‘रिप्रीव्ह’ चाचणीत (२०२३) भारतासह १२ देशांतील ४० ते ७५ वयाचे ७,७६९ बाधित होते, पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय तिचे एक केंद्र. पिटाव्हास्टॅटिन हे रक्तातील मेद घटवणारे औषध घेणाऱ्यांत गंभीर हृदयघटना ३५ टक्क्यांनी घटल्या [⟶ स्टॅटिन]. त्याच गटातील सिम्व्हास्टॅटिन मात्र प्रोटीएज-रोधकांसोबत वर्ज्य आहे.