युकुलेलेसाठी लाकूड कोणतं? मोबाइल आणि किचन काट्यावर तपासा

अंबाजोगाईत बसून युकुलेले बनवायचं म्हटलं की पहिली अडचण लाकडाची. यूट्यूबवरचे कारागीर स्प्रूस नाहीतर कोआ वापरतात. स्प्रूस थंड प्रदेशातलं, कोआ हवाई बेटांवरचं. आपल्या वखारीत मिळतं सागवान, बाभूळ, कडुनिंब, आंबा. मग यातलं काय चालेल?

साउंडबोर्ड म्हणजे तारांखालची पातळ फळी, जेमतेम २ मिमी जाड. नुसत्या तारेचा आवाज क्षीण असतो. तिची थरथर ब्रिजमधून फळीत उतरते आणि फळी हवा हलवते. म्हणून लाकूड ताठ हवं, पण हलकंही हवं. बाभूळ इथेच बाद! बैलगाडीला उत्तम, साउंडबोर्डला नुसतं ओझं. (गंमत म्हणजे कोआ बाभळीच्याच नात्यातला.)

हे मोजता येतं. वखारीतून रेषांच्या दिशेने कापलेली ५० सेंमी लांब, ४ सेंमी रुंद, १ सेंमी जाड पट्टी घ्या. फायफॉक्स हे मोफत ॲप टाका, त्यात ऑडिओ स्पेक्ट्रम उघडा. पट्टी बरोबर मध्यावर दोन बोटांत हलकी धरा, एका टोकावर लांबीच्या दिशेने टकटक करा आणि दुसऱ्या टोकाजवळ मोबाइल ठेवा. आडवं ठोकू नका, मग वेगळाच आकडा येतो. लाकडातला आवाजाचा वेग म्हणजे लांबीची दुप्पट गुणिले फ्रिक्वेन्सी. पट्टी अर्धा मीटरची असल्यामुळे गुणाकार करायचीही गरज नाही: जितके हर्ट्झ, तितके मीटर प्रतिसेकंद.

आता किचन काट्यावर वजन करा. माझी आंब्याची पट्टी १३० ग्रॅम भरली, म्हणजे घनता ६५० किलो प्रति घनमीटर. टोक आलं ३९०० हर्ट्झला. ३९०० भागिले ६५० म्हणजे ६. हा आकडा जितका मोठा, तितकं लाकूड मोकळं बोलतं. स्प्रूसचा साधारण १२ येतो, पण कोआचा ७ च्या आसपास! म्हणजे आंबा कोआच्या फार मागे नाही. हवाईतही आंब्याचे युकुलेले बनतातच. सागवानही याच रांगेत, फक्त तेलकट असल्याने डिंक नीट धरत नाही. चिकटवण्याआधी घासून घ्यावं लागतं.

आणखी हलकं हवं असेल तर मिरजेकडे बघा. तिथल्या सतारीच्या तबलीला तूनचं लाकूड लावतात, त्याचा आकडा ९ च्या जवळ जातो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, ते काही उगाच नाही.

पण आकडा चांगला असूनही माझा पहिला साउंडबोर्ड फुटला. चूक माझीच. ओला आंबा आणला आणि भर पावसाळ्यात चिकटवला. एप्रिलमध्ये आपल्याकडची कोरडी हवा लागली, लाकूड रुंदीला आकसलं आणि ब्रिजखालून सरळ भेग गेली. दोन महिन्यांची मेहनत वाया!

आता फळी सावलीत, हवेशीर जागी ठेवतो आणि दर आठ दिवसांनी त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहितो. वजन उतरायचं थांबलं की ती वाळली. आंब्याला बुरशी आणि भुंगा लवकर लागतो, म्हणून फळ्यांमध्ये पट्ट्या घालून अंतर ठेवा. घेतानाच टोकाकडून पाहा: वाढीच्या रेषा फळीच्या जाडीत उभ्या असाव्यात, अशी फळी कमी आकसते. आणि चिकटवायचं काम मार्च-एप्रिलमध्येच उरका. पावसाळ्यात ती थोडी फुगेल, पण फुटणार नाही.