कोंदणाची कहाणी

घरात लग्न ठरले की सराफाकडे जाणे ओघानेच येते. सोन्याचा भाव काय, वजन किती, घडणावळ किती, याची चौकशी आपण बारकाईने करतो. खडा हवा असेल तर त्याचा रंग उजेडात धरून पाहतो. पण तो खडा त्या अंगठीत बसतो कसा आणि टिकतो कसा, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. खडा पडला म्हणजेच त्या जागेची आठवण होते! या लेखात त्या जागेविषयीच थोडे सांगावयाचे आहे.

मराठीत त्या जागेला आपण 'कोंदण' म्हणतो. गुणी मुलीला चांगले घर मिळाले की 'हिरा कोंदणात बसला' असे वडीलधारी माणसे म्हणतात. कोंदणे म्हणजे ठासून भरणे. उर्दू-हिंदीतला 'कुंदन' हा शब्द याच्या अगदी शेजारचा. कुंदन म्हणजे अत्यंत शुद्ध केलेले सोने, आणि त्या सोन्याने रत्न बसविण्याची पद्धत. या पद्धतीत खड्याच्या भोवती सोने खरोखरच ठासून भरतात, तेव्हा दोन्ही शब्दांचा अर्थ एकाच ठिकाणी येऊन मिळतो.

आता रत्न बसविण्याचे साधे मार्ग पाहू. एक म्हणजे खड्याच्या मापाची सोन्याची वाटी करावयाची, खडा तीत ठेवावयाचा आणि वाटीची कड आत दाबून घ्यावयाची. हे झाले बंद घर. अकीकाच्या किंवा फिरोजाच्या चांदीच्या अंगठ्या बहुधा अशाच असतात. दुसरा मार्ग म्हणजे खड्याला चार-सहा बारीक नख्यांनी उचलून धरावयाचे. त्यामुळे खड्याला खालून-वरून उजेड मिळतो. अमेरिकेतल्या टिफनी या पेढीने १८८६ साली सहा नख्यांची हिऱ्याची अंगठी बाजारात आणली, आणि आज जगभर साखरपुड्याची अंगठी म्हटली की तोच आकार डोळ्यांपुढे येतो. मोत्याची गोष्ट निराळी. त्याला भोक पाडून तारेत ओवतात. आपली नथ तशीच तयार होते.

या सर्वांहून कुंदनाची रीत वेगळी आहे. अकबराच्या दरबारातील अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'आईने अकबरी' लिहिली. तिच्यात तो सांगतो की, इतर मुलखांत रत्ने त्यांच्यासाठी केलेल्या घरांत अडकवितात, हिंदुस्थानात मात्र ती कुंदनाने बसवितात. हे सोने इतके शुद्ध आणि मऊ असते की, इराणचा प्राचीन बादशहा परवेझ हाताने दाबून हवा तो आकार देई अशा सोन्याची जी दंतकथा आहे, तीही खरी वाटू लागते, असे तो म्हणतो. राज्याचा हिशेब मांडणारा हा माणूस एका कारागिरीपुढे क्षणभर थबकला, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

हे सोने शुद्ध कसे करीत, तेही त्याने लिहून ठेवले आहे. सोन्याचे पातळ पत्रे करावयाचे, त्यांना क्षार आणि विटांची भुकटी यांचे मिश्रण फासावयाचे आणि गोवऱ्यांच्या मंद विस्तवात ठेवावयाचे. सोन्यात मिसळलेली चांदी त्या मिश्रणात ओढली जाते. पत्रे धुवावयाचे आणि पुन्हा तेच. अशी पुटे अनेक वेळा दिली म्हणजे निखळ सोने हाती येते. ते ठोकून ठोकून त्याच्या कागदाहून पातळ पट्ट्या करावयाच्या. झाले कुंदन.

आता जडियाच्या कामाकडे वळू. दागिन्याचा आकार एक सोनार पोकळ घडवितो आणि खड्यांसाठी त्यात जागा मोकळ्या ठेवतो. मागच्या बाजूला मीनाकाम करावयाचे असेल तर ते आधीच उरकून घेतात, कारण मीना भट्टीतून भाजून काढावा लागतो. त्यातही क्रम असतो. ज्या रंगाला जास्त आच लागते तो आधी, आणि नाजूक लाल रंग शेवटी. दागिना भट्टीतून कायमचा बाहेर आला की मग त्याच्या पोकळीत लाख भरतात. लाख आणि भट्टी यांचे जमत नाही हे उघड आहे. नंतर खड्याच्या जागेवरची लाख किंचित तापवून मऊ करतात, तिच्यावर चांदीचा चकचकीत वर्ख ठेवतात आणि त्यावर खडा दाबतात. या वर्खाला कारागीर 'डांक' म्हणतात. माणकाखाली कधी लालसर वर्खही घालतात, म्हणजे फिकट दगड गडद दिसतो. शेवटी खडा आणि दागिन्याची भिंत यांमधल्या फटीत कुंदनाच्या पट्ट्या पोलादी सलईने एकावर एक दाबीत जातात. पट्टीला पट्टी चिकटते, फट भरते, सोने खड्याच्या कडेवर किंचित चढते आणि खडा पक्का होतो. वर आलेले सोने कोरून, घासून त्याची तेजस्वी रेघ काढतात.

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी येथे जरा थांबावे. सोने वितळण्यास १०६४ अंश सेल्सिअस उष्णता लागते. मग येथे आच न देता सोने सोन्याला जोडले कसे गेले? लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम यांच्या पृष्ठभागावर हवेमुळे ऑक्साइडचा थर बसतो. शुद्ध सोन्यावर तो बसत नाही. त्यामुळे स्वच्छ सोन्याच्या दोन पापुद्र्यांवर नुसता दाब दिला तरी दोन्हींचे अणू एकमेकांशी जोडले जातात. याला आज थंड जोडकाम म्हणतात. त्या सोन्यात तांबे किंवा चांदी मिसळलेली असेल तर हे साधत नाही. म्हणून गोवऱ्यांच्या विस्तवातली ती पुटे आवश्यक होती. दुसरी गंमत अशी की, नख्यांच्या अंगठीला शुद्ध सोने चालतच नाही. ते मऊ असल्याने नख्या उघडतात आणि खडा निसटतो. तेथे तांबे-चांदीची भेसळ करून सोने कडक करावे लागते. नख्यांच्या कामात जो मऊपणा दोष ठरतो, त्याच्याच बळावर जडियाने आपली विद्या उभी केली.

आच लागत नाही याचा फायदा फार मोठा होता. यशब, म्हणजे हिरवट-पांढरा कठीण दगड, त्याला सोन्याचा डाग कसा देणार? पण कुंदनाने त्यावरही माणके बसविता येतात. यशबात खाच कोरावयाची, तिच्यात कुंदन ठासावयाचे आणि त्यात खडा दाबावयाचा. मोगल काळातील कट्यारींच्या मुठी, आरशांच्या पाठी, पेले यांवर अशी वेलबुट्टी आढळते. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात यशबाच्या वस्तूंचे दालन आहे. तेथे रत्नजडित मूठ असलेली नूरजहानची म्हणून दाखविली जाणारी सुरी आहे, आणि 'साहिब-ए-किरान-ए-सानी' हा शाहजहानचा किताब कोरलेली तिरंदाजीची अंगठीही आहे. ही अंगठी अंगठ्यात घालीत, म्हणजे धनुष्याची दोरी सोडताना बोट कापत नसे. मराठवाड्यातून शाळेच्या सहली हैदराबादला जातात. तेव्हा चारमिनार पाहून झाल्यावर एक तास या दालनासाठी राखून ठेवावा.

पण माझ्या मते कुंदनाची खरी थोरवी आणखी एका गोष्टीत आहे. या पद्धतीत खड्याने घराच्या मापाचे असावे लागत नाही. घरच खड्याच्या मापाचे होते. दगड वाकडा असो, एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ असो, मऊ सोने त्याच्या कडेकडेने जाऊन बसते. त्यामुळे आपल्याकडचे रत्नपारखी दगडाचे वजन शक्य तितके राखीत. दोष असेल तेवढाच भाग घासून काढीत आणि बाकीचा तसाच ठेवीत.

या दृष्टीचे प्रत्यंतर फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याच्या प्रवासवृत्तात सापडते. औरंगजेबाच्या दरबारात १६६५ च्या नोव्हेंबरात त्याला बादशाही जवाहीर पाहावयास मिळाले. त्यांत एक प्रचंड हिरा होता. तो मुळात ७८७ कॅरेटांहून अधिक वजनाचा होता आणि होर्तेन्सियो बोर्जिस नावाच्या व्हेनिसच्या कारागिराने घासून घासून तो २८० कॅरेटांवर आणला, असे ताव्हेर्निये लिहितो. बादशहाने त्याला मजुरी तर दिली नाहीच, उलट दहा हजार रुपये दंड केला. त्याच्याजवळ अधिक पैसे असते तर अधिकही घेतले असते, अशी पुस्ती ताव्हेर्निये जोडतो!

रत्नावर हात चालवावयाचा तो किती जपून, याचा दुसरा नमुना जहांगीरच्या आत्मवृत्तात आहे. इराणच्या शाह अब्बासने १६२१ साली त्याला एक मोठा लाल भेट पाठविला. त्यावर तैमूरचा नातू उलुघ बेग याचे नाव कोरलेले होते आणि शाह अब्बासनेही आपले नाव घातले होते. जहांगीरने सोनारखान्याचा दरोगा सईदा याला बोलावून आपले नाव व सालही त्यावर कोरविले. दगड कापला नाही, नावांची भर पडत गेली. पुढे मलिक अंबरविरुद्धच्या दक्षिणेच्या मोहिमेत यश आल्याची बातमी येताच तो लाल जहांगीरने शाहजादा खुर्रमकडे पाठवून दिला. हाच खुर्रम पुढे शाहजहान झाला.

या सईदा गिलानीच्याच देखरेखीखाली मयूरासन तयार झाले. सात वर्षांच्या कामानंतर १६३५ च्या नौरोजला शाहजहान त्यावर बसला. दरबारी इतिहासकार लाहोरी याने नोंद केली आहे की त्यासाठी ८६ लाख रुपयांची रत्ने आणि एक लाख तोळे सोने दिले होते. १७३९ साली नादिरशहाने ते लुटून नेले. परीक्षेत आपण मुलांना त्याची किंमत विचारतो आणि ते कोणी नेले ते विचारतो. सईदाचे नाव निदान राहिले. पण हातात सलई घेऊन एकेक पाचू त्या सिंहासनाच्या खांबांत ज्यांनी बसविला, त्या जडियांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत शोधूनही मिळत नाहीत. त्यांचे काम मात्र असे होते की, एकाचा हात कच्चा असता तर शेजारच्या दहा जणांची मेहनत फुकट गेली असती.

आता कोहिनूरविषयी. त्याच्या मालकीचा वाद सर्वांना ठाऊक आहे, तो येथे नको. आपल्याला त्याचे कोंदण पाहावयाचे आहे. महाराजा रणजितसिंग तो बाजूबंदात बसवून दंडावर बांधीत. १८४९ मध्ये पंजाब खालसा झाला आणि हिरा इंग्लंडला गेला. १८५१ सालच्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात तो ठेवला, तेव्हा पाहणाऱ्यांची निराशा झाली. यात चमक कोठे आहे, असे लोक विचारू लागले. कारण उघड होते. मागे डांक असलेल्या कोंदणात, दिव्याच्या किंवा मशालीच्या उजेडात पाहण्याचा तो हिरा. युरोपची नजर मात्र अनेक पैलूंतून उजेड फेकणाऱ्या हिऱ्याला सरावलेली. मग १८५२ साली तो ३८ दिवस घासण्यात आला. जवळजवळ १९१ कॅरेटांचा हिरा १०५.६ कॅरेटांचा उरला. दोन रीतींमध्ये नुसता आवडीनिवडीचा फरक आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ही वजाबाकी करून पाहावी. बाजूबंद आजही इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. त्यात मूळ हिऱ्याच्या जागी स्फटिकाची नक्कल बसविली आहे.

पुढे आपल्याच संस्थानिकांना नवी रीत आवडू लागली. कार्टिए या पॅरिसच्या पेढीचा झाक कार्टिए १९११ साली हिंदुस्थानात आला, आणि नंतरच्या वर्षांत जुन्या जडावातले खडे काढून ते प्लॅटिनममध्ये बसवून घेण्याची लाट आली. अशा वेळी जुने कोंदण मोडावेच लागते, आणि मोडलेले कोंदण म्हणजे वितळविण्याचे सोने. निजामाच्या खजिन्यातील बरेचसे दागिने या लाटेतून वाचले. भारत सरकारने १९९५ मध्ये सुमारे २१८ कोटी रुपयांना १७३ दागिने विकत घेतले. त्यांत कुंदनाचे सरपेच, बाजूबंद आणि गळ्यातले हार आहेत.

आणि आज? जयपूर, बिकानेर, हैदराबाद येथे ही कला चालू आहे. आपल्याकडच्या तन्मणीच्या खोडातही असे काम पाहावयास मिळते. बाजारात मात्र पितळेवर काच डिंकाने चिकटवून 'कुंदन सेट' या नावाने सर्रास विकतात. हौसेसाठी ते घेण्यात काहीच गैर नाही, फक्त तो कुंदन नव्हे. खऱ्या जडावाचीही एक अडचण आहे. त्याच्या पोटात लाख असते, लाखेला वजन असते, आणि काट्यावर लाख व सोने यांत भेद होत नाही. सरकारने २०२१ मध्ये सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा केला, तेव्हा कुंदन, पोलकी आणि जडाव यांना त्यातून वगळले. म्हणजे हजार वेळा शुद्ध सोन्याचे नाव घेणाऱ्या या दागिन्याची पारख गिऱ्हाइकानेच करावयाची आहे. पालकांनी असा दागिना घेताना सोने किती ग्रॅम व किती कॅरेटचे, खडे किती वजनाचे आणि लाख किती, हे तिन्ही आकडे पावतीवर वेगवेगळे लिहून मागावेत. मुलीला दागिना देताना ती पावतीही तिच्याच हाती द्यावी. आणि तो साबणाच्या पाण्यात कधी धुवू नये, असेही सांगावे. पाणी मागे शिरले की डांक काळवंडते आणि चांगला हिरा आंधळा दिसू लागतो.