गोळ्यांची डबी आणि केसपेपर

मंडळी, साथींचा इतिहास आपण पाहतो तो बहुधा मृत्यूंचा. आज थोडा औषधांचा पाहू. एचआयव्हीसह जगणारा माणूस दुसऱ्याच कारणाने दवाखान्यात ॲडमिट होतो, तेव्हा त्याच्या गोळ्यांचं काय होतं?

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली मद्रासला झाली. डॉ. सुनीती सोलोमन, माहेरच्या गायतोंडे, आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी ती केली. १९९२ साली 'नाको' स्थापन झाली, त्याच वर्षी आपल्या भोसरीत 'नारी' ही संशोधन संस्था. पण औषध गरिबाच्या हाती आलं ते १ एप्रिल २००४ पासून, सरकारने मोफत एआरटी सुरू केल्यावर. औषधच नव्हतं तोवर औषधाच्या चुकीचा प्रश्नही नव्हता!

आता बारामती-इंदापूरकडे या. दिवाळीच्या आसपास माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे कारखाने पेटतात. मराठवाड्यातून ऊसतोड कामगार येतात. समजा, त्यातला एकजण तापाने दाखल झाला. त्याच्या उपचाराचे कागद गावी राहिलेत. डबी खिशात आहे, पण शेजारी मुकादम उभा. नर्सताई विचारतात, "काही गोळ्या चालू आहेत का?" तो म्हणतो, "नाही." झालं. केसपेपरवर 'नाही' लागलं आणि रोजची गोळी बंद पडली.

दुसरी चूक याहून सूक्ष्म. त्याला क्षयरोग निघाला आणि रिफाम्पिसिन सुरू झालं. हे औषध शरीरातल्या इतर औषधांचा निचरा वाढवतं. जुन्या काळी त्यामुळे नेव्हिरापिनऐवजी इफाव्हिरेंझ द्यावं लागे. आज डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम दिवसातून एकदा असतं, ते रिफाम्पिसिनसोबत दोनदा द्यावं लागतं. साधं अँटासिडसुद्धा त्याला अडवतं. म्हणून ही गोळी अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची. म्हणजे औषधं बदलली, तशी चुकांनी रूपं बदलली.

उपाय काय? पहिला, नातेवाईक आणि मुकादम यांना बाहेर बसवून रुग्णाला एकट्यालाच विचारणं. दुसरा, डबी आणि एआरटीचं हिरवं पुस्तक डोळ्यांनी पाहणं. ते नसेल तर त्याच्या एआरटी केंद्राला फोन करणं. तिसरा, नवं औषध लिहिण्याआधी जुन्याशी ताडून पाहणं. चौथा, डिस्चार्जच्या वेळी काय चालू, काय बंद, किती दिवस, हे स्पष्ट लिहून समजावणं. यातल्या एकालाही मोठं यंत्र लागत नाही.

पण यात एक नैतिक पेच आहे. गुप्तता राखावी की माहिती द्यावी? २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. तो सांगतो, रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करू नये. मात्र उपचारासाठी गरज असेल, तर उपचारात सहभागी असलेल्या दुसऱ्या वैद्यकीय सेवकाला ती सांगता येते. म्हणजे डॉक्टर आणि नर्स यांना माहीत असावं, पण खाटेवरच्या पाटीवर लिहू नये.

आपण तत्त्वज्ञानात सत्य बोलण्याचं कर्तव्य शिकवतो. ते केवळ रुग्णाचं नाही. त्याने खरं सांगावं असं वाटत असेल, तर खरं सांगून त्याची अब्रू जाणार नाही, एवढी हमी आधी आपण द्यायला हवी. त्याच्या तोंडून निघालेल्या त्या 'नाही'त निम्मा वाटा आपला असतो.