पस्तीस अश्वशक्तीची निवड

मध्यम आकाराचा ट्रॅक्टर घेऊ पाहणारा आजचा शेतकरी 35 अश्वशक्तीचा घ्यावा की 45 अश्वशक्तीचा, या विवंचनेत पडतो, तेव्हा तो वस्तुतः आपल्या पणजोबांचाच प्रश्न नव्या परिभाषेत विचारीत असतो. कारण किती जमिनीला किती बळ लागते आणि ते बळ बारमाही पोसणे आपल्याला परवडते काय, हा हिशेब देशावरच्या काळ्या रानात यंत्र येण्यापूर्वी कित्येक पिढ्या चालत आलेला होता. भारी जमिनीत लाकडी नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपावे लागत, आणि एवढे पशुधन ज्याच्या दावणीला आहे असा खातेदार गावात विरळाच असल्यामुळे, चार घरांनी आपले बैल एकत्र करून आळीपाळीने एकमेकांची नांगरट उरकायची, ही सावडीची रीत रूढ झाली होती. म्हणजे बळाची मालकी आणि बळाचा उपयोग या दोन गोष्टी आपल्याकडे प्रथमपासूनच विभक्त होत्या. ट्रॅक्टरच्या इतिहासाचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर घडविला, त्या वेळी लोखंडाच्या स्पर्शाने जमिनीला विष चढते अशी समजूत शेतकऱ्यांत इतकी दृढ होती, की पहिले गिऱ्हाईक मिळण्यास सुमारे दोन वर्षे लोटली. पुढे 1910 मध्ये औंध संस्थानातील कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना उभा राहिला आणि हाच नांगर दक्षिणेत सर्वत्र पोहोचला, हे सर्वश्रुत आहे. तथापि त्या नांगराने बैलांचा प्रश्न सोडविला नाही, उलट तो अधिक तीव्र केला, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. खोल नांगरट करावयाची तर जास्त बैल हवेत, आणि जास्त बैल ठेवावयाचे तर जास्त जमीन हवी. जमीन तर पिढीगणिक आटत चाललेली.

ती किती आटली याचा दाखला पुण्याच्या कृषि महाविद्यालयातील हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून 1917 मध्ये प्रसिद्ध केला. 1771 च्या सुमारास जेथे सरासरी जमीनधारणा 40 एकरांची होती, तेथे 1915 च्या आसपास ती अवघी 7 एकरांवर आली असल्याचे त्यांना आढळले. (त्या गावात आज टोलेजंग सदनिका उभ्या आहेत, आणि नांगर कशास म्हणतात हे मुलांना चित्रात दाखवावे लागेल.) सरकारी दृष्टी या आकड्यांवरून एवढाच निष्कर्ष काढीत असे की जमिनीचे तुकडे जोडावेत, म्हणजे सर्व काही सुरळीत होईल. परंतु पुढच्याच वर्षी, 1918 मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदुस्थानातील लहान शेतांवर लिहिलेल्या निबंधात या तर्कावर मर्मभेदी आक्षेप घेतला. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, तर त्यावर लागणाऱ्या भांडवलाशी व अवजारांशी असलेल्या त्याच्या प्रमाणावरून ठरते. आणि आपल्या शेतकऱ्याजवळची साधने एवढी अपुरी आहेत की आहे तेवढे शेतही त्याला लहान नसून मोठेच पडते, असे त्यांचे विलक्षण प्रतिपादन होते. ट्रॅक्टर निवडणाऱ्याने वाचावे असे एकच जुने लिखाण सुचवावयाचे झाले, तर मी हा निबंध सुचवीन, जरी त्याचा विषय ट्रॅक्टर नव्हे.

स्वातंत्र्यानंतर राज्यकर्त्यांनी ट्रॅक्टरकडे प्रथम पाहिले ते मात्र महायुद्धाच्या दृष्टीने. अमेरिकन सैन्याने मागे टाकलेली अजस्र यंत्रे घेऊन केंद्रीय ट्रॅक्टर संघटना मध्य भारतातील गवताने व्यापलेली पडीक जमीन मोडू लागली. 1949 मध्ये जागतिक बँकेने याच कामासाठी 1 कोटी डॉलरचे कर्ज दिले. 1956 मध्ये राजस्थानात सुरतगड येथे रशियाने भेट दिलेल्या यंत्रांवर हजारो एकरांची सरकारी शेती उभी राहिली. हरळी आणि कुंद्याची मुळे खोल गेलेल्या आपल्या काळ्या जमिनींनाही अशा जड यंत्राची एकदा गरज होती, यात संशय नाही. परंतु ते काम एकदाच करावयाचे असते. दरसालच्या मशागतीला, सात-आठ एकरांच्या खातेदाराच्या बांधावर, हा हत्ती आणून काय करावयाचे?

याचे उत्तर आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन नावाच्या यंत्रज्ञाने फार पूर्वीच शोधून ठेवले होते. त्यापूर्वीचा ट्रॅक्टर म्हणजे नांगर मागे ओढत नेणारे केवळ एक धूड होते. पकड मिळावी म्हणून त्याला वजन हवे, वजनामुळे जमीन दबे, आणि नांगर एखाद्या मुळाशी अडकला तर पुढची चाके उचलून ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटण्याचे भय असे. फर्ग्युसनने नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरच्या पाठीशीच जोडला व तेलाच्या दाबावर चालणाऱ्या लिफ्टने त्याची खोली अशी नियंत्रित केली, की मातीचा विरोध जितका वाढे तितका मागच्या चाकांवरचा भार वाढून पकड आपोआप मिळे. जे वजन पूर्वी लोखंडात ओतावे लागत असे ते आता मातीच पुरवू लागली! 1939 मध्ये हेन्री फोर्डच्या कारखान्यातून ही योजना बाजारात आली. दोघांमधला करार केवळ हस्तांदोलनावर झालेला असल्याने फोर्डच्या नातवाने तो मोडला, दावा चालला, आणि 1952 मध्ये फर्ग्युसनला सुमारे 92 लाख डॉलर मिळून तो मिटला. दरम्यान इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे 1946 ते 1956 या दशकात त्याचे छोटे करडे ट्रॅक्टर पाच लाखांहून अधिक तयार झाले. आज आपल्या शिवारात धावणाऱ्या कोणत्याही बनावटीच्या ट्रॅक्टरची मागील बाजू पाहावी. त्या तीन दांड्या तेथे असतातच.

या वंशावळीतूनच 35 अश्वशक्तीचा वर्ग हिंदुस्थानात आला. 1959 मध्ये फरीदाबादेस आयशर, 1960 नंतर मद्रासेस मॅसी फर्ग्युसन, आणि मुंबईच्या कांदिवलीत महिंद्र, व्होल्टास व इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या सहकार्याने 1965 पासून बी-275 हा 35 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर बनू लागला. पुढे 1974 मध्ये दुर्गापूरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या आराखड्यावरून पंजाबात स्वराज निघाला, तो पूर्णतः देशी बनावटीचा म्हणून त्याचे कौतुक झाले, आणि ते रास्तही होते. मात्र या साऱ्या काळात 'निवड' या शब्दाला फारसा अर्थ नव्हता. 1967 मध्ये किंमत-नियंत्रणाचा हुकूम निघाला, 1971 मध्ये वाटप आणि विक्रीवरही नियंत्रण आले. शेतकऱ्याने अनामत भरून नाव नोंदवावे, प्रतीक्षायादीत वर्षे काढावीत, आणि ज्याच्या नावावर परवाना निघाला त्याने तो वरची रक्कम घेऊन दुसऱ्यास सोडावा, असा व्यवहार त्या काळी चाले. जो ट्रॅक्टर मिळेल तोच उत्तम ठरे; निवडीचा पहिला निवाडा असा परवान्यानेच केला.

दुसरा निवाडा तारणाने केला. तगाईच्या कायद्यांनी, म्हणजे 1883 आणि 1884 च्या कायद्यांनी, विहीर, बांधबंदिस्ती, बैल यांच्यासाठी कर्ज मिळे. पण ट्रॅक्टरचे कर्ज भूविकास बँकांनी आणि 1969 नंतर राष्ट्रीयीकृत बँकांनी देऊ केले, ते सातबारा पाहून. 1975 मध्ये कमाल जमीनधारणेची मर्यादा बारमाही बागायतीस 18 एकर आणि जिरायतीस 54 एकर इतकी खाली आली. मोठ्या ट्रॅक्टरला पुरेल एवढी सलग जमीन कायद्याने कोणाजवळ उरू द्यावयाची नाही, आणि लहान ट्रॅक्टर परवडेल एवढे उत्पन्न पावसाने कोणाजवळ साठू द्यावयाचे नाही, अशा या कैचीत मधल्या आकाराचा ट्रॅक्टर तेवढा टिकला. तोही स्वतःच्या शेतापुरता कधीच नव्हे. हप्ता फेडावयाचा तर शेजाऱ्याची नांगरट एकरी भाड्याने करावयास हवी. जुनी सावड येथे परत आली, पण आता ती रोखीची झाली.

तिसरा निवाडा उसाने केला, आणि माझ्या मते तो सर्वांत प्रभावी ठरला. 1950-51 मध्ये लोणीस प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला व पाठोपाठ इतर कारखाने उभे राहिले; हंगामात रस्त्यावरून ट्रॉल्या ओढून जे भाडे मिळते ते नांगरटीच्या भाड्याहून अधिक भरवशाचे असल्याने, पश्चिम महाराष्ट्रात अश्वशक्तीची मागणी शेतातून नव्हे तर कारखान्याच्या रस्त्यावरून वाढली. दोन ट्रॉल्या चढावर खेचणारे इंजिन हवे म्हणून 45 आणि 50 अश्वशक्तीची यंत्रे घरी आली, आणि मग तीच यंत्रे वाफसा येण्यापूर्वीच रानात घालून जमीन दाबण्याची चूकही सर्रास घडू लागली. पाऊस उघडल्यावर काळ्या जमिनीत वाफशाचे दिवस थोडेच मिळतात. त्या दिवसांत नांगरट, कुळवणी, पेरणी किती उरकते यावर यंत्राची योग्यता ठरावी, गाडीवरच्या आकड्यावर नव्हे. परंतु विक्रेत्याच्या दुकानात हा प्रश्न विचारला जाताना ऐकू येत नाही.

त्याचे उत्तर शोधण्यास लागणारे आकडे मात्र उपलब्ध असतात. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुदनी येथे 1955 पासून एक केंद्रीय संस्था आहे; 1959 पासून तेथे ट्रॅक्टरांची चाचणी होते, आणि पीटीओवर, म्हणजे अवजारे फिरविणाऱ्या दांड्यावर, प्रत्यक्ष मिळणारी शक्ती, ओढण्याची क्षमता, लिफ्टचे बळ, इंधनाचा खर्च हे सर्व अहवालात नमूद केलेले असते. नवा ट्रॅक्टर घेणाऱ्याने हप्त्याचे कोष्टक पाहण्यापूर्वी तो अहवाल मागून घ्यावा, तो आपल्या जमिनीचा पोत, आपली अवजारे आणि आपल्या शेजाऱ्यांचे एकर यांच्याशी ताडून पाहावा. आणि विक्रेता अहवाल दाखवीत नसेल तर खुशाल दुसऱ्या दुकानात जावे.