झाडपाल्याची विद्या आणि नोंदवहीतले रकाने

शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या कोल्हापूरच्या पश्चिमेकडच्या तालुक्यांत झाडपाल्याची जाण असलेली माणसे अजून आहेत: धनगरवाड्यांवरचे म्हातारे, गावोगावच्या सुइणी, हाडे बसवणारे. त्यांची विद्या त्यांच्याबरोबर जाण्याआधी लिहून घ्यावी, असे सगळेच म्हणतात. पण काय लिहून घ्यायचे हे न ठरवता वही उघडली, की हाती लागते एक यादी: अमुक रोगावर अमुक मुळी. माझ्या मते या विद्येतला सर्वांत कच्चा भाग तोच आहे. पक्का भाग यादीच्या रकान्यांत मावत नाही आणि म्हणून तो शिकायचाही राहून जातो.

ओळख आणि योजना यांतला भेद जुना आहे. शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि रानात राहणारे लोक वनस्पतींना नावाने आणि रूपाने ओळखतात, हे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मान्य केले आहे. मात्र देश, काळ आणि समोरचा माणूस पाहून जो योजना करतो तो खरा जाणकार, असेही तिथेच पुढे म्हटले आहे. म्हणजे ओळख ही पायरी, योजना हे शिखर. ही पायरी वाटते तितकी खालची नाही, असे मात्र मला वाटते.

कुड्याचे पाहा. पांढरा कुडा आणि काळा कुडा हे दोन्ही आपल्या घाटात उगवतात. दोघांना पांढरी फुले येतात, दोघांना चीक असतो. जुलाब-आवेवर चालते ती पांढऱ्या कुड्याची साल. तिच्यातले कोनेसिन हे अल्कलॉइड आवेच्या अमिबावर काम करते. काळ्या कुड्याची साल तिच्यात भेसळ म्हणून बाजारात येते. वाळलेल्या सालीचे तुकडे समोर ठेवले तर शिकलेला माणूसही गोंधळतो. जाणता झाडापाशी उभा करून शेंगा दाखवतो: काळ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या, पांढऱ्याच्या सुट्या लोंबणाऱ्या. मग बी चावायला देतो. कडू इंद्रजव कोणता आणि गोड कोणता, हे जीभ एकदा शिकली की विसरत नाही. शिवाजी विद्यापीठातले श्री. रं. यादव आणि म. म. सरदेसाई यांनी 2002 मध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. त्यामुळे स्थानिक नावाला शास्त्रीय नावाची जोड देण्याची सोय झाली. ही जोड हवीच, कारण एकाच गावठी नावाखाली वेगवेगळी झाडे असतात. पण वाळवलेल्या नमुन्याला चव उरत नाही.

ओळखीला लागूनच येतो काळ. काळ्या मुसळीची पाने पावसाळ्यात दिसतात आणि पाऊस सरला की वाळून जातात. पाने असताना झाडाचा कस पानांत असतो, ती वाळली की तो कंदात साठलेला असतो. म्हणजे कंद खणायचा तेव्हा जमिनीवर दाखवायला काहीच नसते. श्रावणात पाहून ठेवायचे आणि कार्तिकात त्याच जागी येऊन खणायचे, हे ज्याच्या ध्यानात राहते त्यालाच मुसळी मिळते. सालीचेही तसेच. खोडाभोवती कडे करून साल काढली तर अन्नरस खाली मुळांपर्यंत पोचत नाही आणि झाड मरते. म्हणून एका बाजूने, उभी पट्टी काढायची. यातले काही ‘उपयोग’ या रकान्यात लिहिता येईल का?

आता त्या कच्च्या भागाकडे येऊ. अमुक मुळीने अमुक रोग बरा होतो हे माणसाला कळते कसे? देऊन पाहिल्यावर काय झाले यावरून. हा पडताळा जिथे लवकर आणि उघड मिळतो, तिथली विद्या पक्की होत जाते. कोल्हापूरच्या तालमींत निखळलेला खांदा बसवणारे वस्ताद होऊन गेले. खांदा बसला की नाही हे पैलवानाचा हात तिथल्या तिथे सांगतो. धनगर आपल्या म्हशीला पाला घालतो तेव्हाही तसेच. म्हशीची वैद्याच्या शब्दावर श्रद्धा नसते, आणि चुकीचे औषध दिले तर नुकसान घरचेच असते.

काविळीचे औषध या कसोटीवर टिकत नाही. दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या आठवड्यांत जे पोटात गेले त्याला श्रेय मिळते. ही फसगत फक्त गावात होते असे नाही. 1988 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये चेन्नईच्या संशोधकांनी भुईआवळ्याच्या वर्गातल्या वनस्पतीने हिपॅटायटिस बी वाहणाऱ्या 59 टक्के लोकांच्या रक्तातून विषाणूची खूण गेल्याचे मांडले. पुढच्या चाचण्यांत तो परिणाम पुन्हा दिसला नाही. सापाचे तर याहून वाईट. बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. त्यामुळे कोणतीही मुळी बऱ्याचदा ‘लागू’ पडते. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे खरोखर चावले तर हाफकिनसारख्या संस्था बनवतात ते प्रतिविषच लागते.

म्हणून मी जाणत्याची पारख त्याच्या औषधांच्या संख्येवरून करत नाही. तो काय द्यायचे नाकारतो यावरून करतो. बिब्बा कातडी जाळतो, कळलावीतल्या कोल्चिसिनने माणूस दगावतो. गर्भारणीला काय द्यायचे नाही, लहान मुलाला काय चालत नाही, कोणत्या रोग्याला हात न लावता सरळ कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात पाठवायचे, हे नकार पिढ्यांच्या चुकांतून आलेले असतात. त्यांची किंमत कोणीतरी जिवानिशी दिलेली असते. ते आपणहून सांगितले जात नाहीत. रोगी समोर आला की बाहेर पडतात. शिष्य शेजारी बसलेला असेल तरच ते त्याच्या कानी जातात.

2002 च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही करायला सांगितली. राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घालून पुढे महिन्याला 10 लाखांचा दंड ठेवला, तेव्हा वर्षानुवर्षे रखडलेले काम घाईत उरकावे लागले. घाईत वर्षाचे ऋतू मावत नाहीत. लिहिण्याला माझा विरोध नाही. हळदीवरचे अमेरिकी पेटंट 1997 मध्ये रद्द झाले, ते रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने 32 लेखी आधार पुढे केल्यामुळे. आजीच्या तोंडी सांगण्यावर ते झाले नसते.

पण नोंदवहीत काय लिहू नये हेही नरक्या या झाडाने शिकवले आहे. मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी 1966 मध्ये अमेरिकेत एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले. 1972 मध्ये तेच द्रव्य आपल्या नरक्यात सापडले. कर्करोगावरची औषधे त्यावरून निघाली. कर्करोगाचे ज्ञान इथल्या म्हाताऱ्यांकडून आलेले नव्हते. त्यांना घाण वास येणारे हे झाड कुठे उभे आहे ते ठाऊक होते, आणि तेवढेच व्यापाऱ्यांना पुरले. कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या घाटपट्ट्यात नरक्याची चोरटी तोड झाली. जागेची माहिती म्हणूनच गावसमितीच्या हाती, बंद ठेवायला हवी.

वह्या पुन्हा लिहायच्या झाल्या तर रोगाचा रकाना शेवटी जावा. आधी सारख्या दिसणाऱ्या झाडातला फरक, मग काढायचा महिना, अंग आणि रीत, मग कोणाला द्यायचे नाही. लिहिणारा एकदा येऊन जाणारा नसावा. गावातलाच, बारा महिने जाणत्याबरोबर रानात फिरणारा असावा. कुडा वैशाखात फुलतो आणि त्याच्या शेंगा थंडीत पिकतात, तेव्हा दोन कुड्यांतला पुरा फरक एका भेटीत कोणालाही दाखवता येत नाही.