पहिल्या धारेचा इतिहास

'पहिल्या धारेची' हा शब्द मराठीत सगळेच वापरतात. पेपरवाले वापरतात, नाटकवालेही. ती धार ओळखायची कुणी, हे मात्र इतिहासाच्या पुस्तकात सापडत नाही. ओळखत होत्या वारली-कातकरी बाया, वस्तीतल्या बाया. पंचनाम्यात त्यांचं सगळं ज्ञान दोन शब्दांत आटोपतं : कच्चे रसायन. नष्ट केले, सही, शिक्का. म्हणून हे लिहितोय.

आधी काम समजून घ्या. मोहाची फुलं फाल्गुन-चैत्रात गळतात. वेचायची, वाळवायची, भिजत घालायची. उन्हाळ्यात लवकर आंबतात, थंडीत जास्त दिवस लागतात. किती, ते वासावरून आणि बुडबुड्यांवरून ठरतं. मग चूल. वरच्या भांड्यात थंड पाणी, त्याच्या बुडाला वाफ लागून थेंब होतो. खरी कसोटी इथून पुढं. जाळ वाढला तर आंबवण उतून धारेत येतं, तेव्हा एक लाकूड मागं ओढायचं. वरचं पाणी तापलं तर वाफ वाया जाते, ते बदलायचं. सांध्यातून वाफ सुटली तर ओली माती लिंपायची. थेंब जाळावर टाकायचा. भडकला तर धार जोरात, नाही भडकला तर पाणी उतरतंय, थांबायचं. अशा बारक्या दुरुस्त्यांत रात्र सरते. हेच कारखान्यात केलं तर माणसाला केमिस्ट म्हणतात, वर पगार देतात.

हे ज्ञान गुन्हा कधी झालं? इंग्रजांनी 1878 साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आणला. गाळण्याचा हक्क मक्तेदाराकडं गेला, घरातली भट्टी चोरीची ठरली. तरी लोक ऐकेनात, तेव्हा 1892 साली ठाणे-कुलाब्यात मोहाच्या फुलांवरच कायदा केला. झाडाखाली पडलेलं फूल सरकारचं! कळवळा दारूड्याच्या बायकोचा नव्हता, तिजोरीचा होता.

स्वराज्य आलं. 1949 साली दारूबंदीचा कायदा झाला. श्रीमंताला परमिट मिळालं, झोपडीला धाड. बाबासाहेबांनी हे तेव्हाच ओळखलं. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या 1951 च्या जाहीरनाम्यात या दारूबंदीला विरोध आहे. तिजोरीचा तोटा होतो, आणि दारू गाळणं घरोघरचा धंदा होऊन ती बायापोरांपर्यंत पोचते, असा त्याचा रोख. त्याच बाबासाहेबांनी 1956 साली नागपुरात दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. काहींना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. प्रतिज्ञा माणूस स्वतः घेतो. धाड दुसऱ्याच्या दारात पडते, आणि ते दार बहुधा गरिबाचंच असतं.

धाडीनं दारू थांबली नाही, दुरुस्त्या बदलल्या. पोलीस यायच्या आत उरकायचं म्हणून काळा गूळ आला, नवसागर आला. चव आणि जीव सांभाळणारा हात घाईला लागला. पुढं पुढं तर भट्टीचीही गरज उरली नाही. 2015 साली मालवणीत शंभरावर माणसं मेली, ती मिथेनॉलनं. ते विष मोहाच्या मडक्यातलं नव्हतं, उद्योगधंद्यात वापरायचं रसायन होतं. मेले कोण? हातावर पोट असलेले. आणि आज मळीपासून मद्यार्क काढणारे साखर कारखाने परवाना घेऊन राजरोस चालतात. त्यांचं रसायन कुणी गटारात ओतत नाही.

दारूनं आपली घरं खाल्ली, हे कुणी मला सांगायला नको. दारू सुटलीच पाहिजे, यात तडजोड नाही. पण वस्तीत मडकी फोडायला निघणाऱ्या कार्यकर्त्यांनो, मडकं कुणाचं आहे ते आधी बघा. त्या बाईजवळ बसा. ती काय जाणते ते तिच्या शब्दांत उतरवून घ्या, कारण तिच्यामागं ते कुणी सांगणार नाही. आणि उद्यापासून तिनं चूल कशावर पेटवायची, याचं उत्तर हातात घेऊन जा. ते नसेल तर तुमचा मोर्चा आणि त्यांची धाड, तिला दोन्ही सारखेच.