अंघोळीच्या घड्याळातून निघालेली स्पर्धा

मंडळी, पीएचडीचा प्रबंध तीन मिनिटांत सांगायच्या स्पर्धेचं मूळ कुठंय माहितीये? न्हाणीघरात! ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये तेव्हा मोठा दुष्काळ होता. अंघोळ लवकर आटपावी म्हणून लोकांनी तीन मिनिटांची वाळूची घड्याळं लावली. त्यावरूनच क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ साली ‘थ्री मिनिट थिसिस’ सुरू केली. पहिल्याच वर्षी १६० विद्यार्थी उतरले. एकच स्थिर स्लाइड, हातात काही नाही, वेळ उलटली की बाद. मला मात्र घड्याळापेक्षा समोरचा सामान्य श्रोता महत्त्वाचा वाटतो. सरकारी विद्यापीठातल्या संशोधनाला पैसा लोकांचाच ना? आपल्याकडे पीएचडीची तोंडी परीक्षा जाहीर असते खरी, पण ऐकायला बसतात ते बहुतेक विभागातलेच.